थोडं वर, थोडं डावीकडं

माणूस घडवताना देवानं एक गोष्ट साफ चुकवली, असं मिस्त्रीमामांचं ठाम मत आहे. पाठ हाताच्या टप्प्यात ठेवली नाही. डोकं खाजवता येतं, गुडघा चोळता येतो, तळपाय मांडीवर घेऊन चेपता येतो. पण दोन खांद्यांच्या मधोमध, जिथं खरी कळ मारते, तिथं स्वतःचा हात काही जात नाही. "हे डिझाइनच चुकलेलं हाय," मामा म्हणतात. सूर असा, की काम आपल्या शेडवर आलं असतं तर हे झालंच नसतं.

मिस्त्रीमामा नक्की कुणाचे मामा, हे गावात कुणाला सांगता येणार नाही. सगळ्यांचेच आहेत. औंढा नागनाथहून हिंगोलीकडं जाताना रस्त्याला लागून पत्र्याची शेडं दिसतात. समोर मोडकी ट्रॉली, उताणे पडलेले वखर, एखादा हळद पॉलिश करायचा ड्रम. त्यांतलं एक त्यांचं. आत एक वेल्डिंग मशीन, एक जुनाट लेथ आणि भिंतीला खिळ्याखिळ्यानं टांगलेलं, कशातून तरी उरलेलं सामान. असा मिस्त्री मराठवाड्यात दर चार गावांमागे एक असतोच. त्याच्याशिवाय पेरणी होत नाही, आणि त्याच्यामुळं ती वेळेवरही होत नाही.

मामांचा आजार एकच. कुठलीही वस्तू त्यांना पुरी झालेली दिसत नाही. एकानं बिजागरी बसवायला दार आणून दिलं; मामांनी ते दोन्हीकडं उघडणारं करून दिलं. मालक खूश झाला, आणि त्याहून शेळ्या. दुसऱ्याच्या वखराला नुसता वेल्डिंगचा टाका मारायचा होता. तो वखर पेरणी उलटून गेल्यावर परत गेला, पण जाताना त्याला चाक होतं. पैसे मामा तेवढ्या टाक्याचेच घेतात. बाकीचं काम ते स्वतःसाठी करतात, त्यामुळं गिऱ्हाईकाला तक्रारही धड करता येत नाही.

आता मामांच्या पाठ रगडायच्या रोलरकडं येऊ. आमच्या जिल्ह्यात पाठदुखीला हंगाम आहे. जानेवारी उजाडला की हळद काढणी सुरू होते. वाळलेला पाला कापायचा, वाकून कंद उकरायचे, माती झाडायची, जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडं निरनिराळी करायची, कुकरात शिजवायची, उन्हात पसरायची, वाळली की ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. मार्चपर्यंत जिकडंतिकडं पिवळं. यातलं बहुतेक काम वाकून, आणि वाकायचं काम बायकांकडं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती वेचणाऱ्या पाठींना मानांकन द्यायचं अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

पाठीवरचा जुना उपाय म्हणजे नातू. पालथं पडायचं आणि पाच-सहा वर्षांच्या पोराला म्हणायचं, "तुडव रे बाबा." पोरगं भिंतीला हात धरून कमरेपासून खांद्यापर्यंत चालत जातं आणि परत येतं. वजन १५ ते २० किलो, तळवा मऊ, टाच हवी तिथं रुतणारी, चालवायचा खर्च एक बिस्किटाचा पुडा. मामांच्या मते यापेक्षा चांगलं मशीन जगात झालेलं नाही. दोष एकच, ते वाढतं. मामांचा नातू वाढता वाढता पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. सुट्टीत आला तेव्हा मामींनी जुन्या सवयीनं "तुडव रे" म्हटलं, आणि त्याची शरीरयष्टी पाहून लगेच "राहू दे" म्हटलं.

अशाच एका हंगामात मामी शेतातून आल्या आणि ओट्यावर टेकत म्हणाल्या, "पाठीचा पार भुगा झालाय." दुसरा कुणी नवरा असता तर वाटीत करडईचं तेल कोमट करून आणलं असतं, नाहीतर सरळ दुर्लक्ष केलं असतं. मामांनी यांतलं काहीच केलं नाही. त्यांनी टेप आणला आणि मामींच्या पाठीचं माप घेतलं. उभं, आडवं आणि तिरकं.

"हे कामून?" मामींनी विचारलं.

"बगा तुमी," मामा म्हणाले. त्या घरात या दोन शब्दांची धास्ती आहे.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातलं लाटणं गेलं. पहिला प्रयोग म्हणजे तेच लाटणं, पाठीवर आडवं धरून वरून खाली फिरवलं. तिसऱ्या फेरीला मामी ओरडल्या. लाटणं सरळ, आणि पाठीच्या मधोमध मणक्यांची उंच रांग. म्हणजे सगळा दाब नेमका हाडावर, आणि दुखतं त्या दोन्ही बाजूंच्या मांसाला वाराही नाही. मामांना हे फारच आवडलं. अडचण सापडली की त्यांचा चेहरा उजळतो. त्यांनी लाटणं लेथवर चढवलं, मधोमध अंगठा बसेल एवढी खाच पाडली आणि वापरून झाल्यावर इमानदारीनं पोळपाटाशेजारी परत ठेवून दिलं. त्या संध्याकाळच्या पोळ्यांना मधोमध कणा आला होता.

इथून पुढं गोष्ट लाटण्याच्या हातात राहिली नाही.

खाच रुंद करत नेली तर दांडा राहतो आणि त्यावर दोन गोळे, हे ध्यानात यायला मामांना एक उन्हाळा लागला. मग लाकडाचा प्रश्न आला. बाभूळ आणली, ती दणकट, पण हातात जड. कडुनिंबाचा वास मामींना चालेना. किनवटकडचं सागवान लेथवर लोण्यासारखं कातलं जातं, पण त्याचा भाव ऐकून मामा गप्प झाले. शेवटी कुणाच्या तरी मोडलेल्या पलंगाचे सागवानी पाय मिळाले आणि काम मार्गी लागलं. लेथवर असताना मामांकडं बघावं. चौकोनी तुकडा फिरायला लागतो तेव्हा पटाशी टेकवली की फट-फट-फट असा तुटक आवाज येतो, कारण फक्त कोपरे लागत असतात. कोपरे झडत जातात तसा आवाज जवळजवळ येतो, आणि लाकूड पुरतं गोल झालं की त्याचा एकच लांब सूर होतो. तो सूर लागला की मामा मान किंचित कलती करून ऐकतात. तेवढं अर्धं मिनिट त्यांना जगात काहीही सुधारावंसं वाटत नाही. मग ते मशीन बंद करतात आणि गोळ्याकडं संशयानं बघतात.

गोळे फिरले पाहिजेत म्हणून आस आला, आस धरायला लहान सायकलचा चिमटा आला, आणि चिमट्यात केस आले. हा भाग नाजूक आहे. गोळा आणि चिमटा यांच्या मधल्या फटीत पाठीवरचे केस कसे ओढले जातात हे ज्या गृहस्थावर कळलं, ते गावातले प्रतिष्ठित आहेत, म्हणून इतकंच सांगतो, की त्यांचा आवाज मारुतीच्या देवळापर्यंत गेला. फटीत वायसर टाकले, केसांचा प्रश्न मिटला, आणि तेलाचा उभा राहिला. कोरड्या अंगावर गोळा फिरतो. अंगाला तेल लागलं की कातडीची पकड सुटते, गोळा जागेवर थांबतो आणि नुसताच घसरतो. मग पंख्याचं ६२०२ नंबरचं बेरिंग बसवलं. आता गोळा इतका सैल फिरू लागला, की पाठीवरून सुळकन जायचा आणि पाठीला पत्ता लागायचा नाही. मग त्याला धरपकड यावी म्हणून गोळ्यांवर उभ्याआडव्या रेघा मारल्या. मामांच्या भाषेत नर्लिंग. रेघांत तेल, तेलात हळदीची धूळ. आठवडाभरात रोलरचा रंग लग्नाळू झाला.

एका रात्री दिव्याखाली मामा पुन्हा तो चिमटा खोलून बसले होते, तेव्हा मामी जे बोलल्या ते गावात अजून सांगतात. आमच्या औंढ्याची कथा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे: नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन उभे राहिले, तर अख्खं देऊळच त्यांच्याकडं फिरलं. मामी म्हणाल्या, "तिथं येवढं दगडाचं देऊळ फिरलं म्हनं. आन् तुमचं हे चार बोटं लाकूड फिरंना!"

"देवळाला तेल न्हवतं लावलेलं," मामा मान वर न करता म्हणाले.

यंत्र झालं की चाचणी आली. चाचणीला पाठी हव्यात, आणि रिकाम्या पाठींचा साठा गावात एकाच ठिकाणी असतो. पारावर रोज चौघं बसतात: एक निवृत्त गुरुजी, एक निवृत्त एसटी कंडक्टर, एक माजी सरपंच आणि एक आबा, जे कशातूनच निवृत्त झालेले नाहीत कारण कशातच नव्हते. मामा पहिल्या दिवशी रोलर घेऊन गेले आणि गुरुजींना बसवलं. दहा मिनिटं पाठ रगडून झाल्यावर विचारलं, कसं वाटलं? गुरुजी आयुष्यभर खरं बोलत आलेले. म्हणाले, "उत्तम. काही दोष नाही." मामांनी रोलर पुसला, पिशवीत घातला आणि गुरुजींचा विषय तिथंच संपला.

पुढची पाठ आबांची. आबांनी डोळे मिटून सगळं करून घेतलं आणि मग म्हणाले, "बरं हाय. पन उजव्या अंगाला जरा कमी लागायलंय."

मामांचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी उजवा गोळा सुताभरानं मोठा करून आणला आणि आबांची पाठ पुन्हा रगडली. आबा म्हणाले, आता उजवीकडं बरोबर, पण थोडं वर, थोडं डावीकडं. हे बघून कंडक्टरसाहेबांनी आपल्या पाठीत वळणावरच्या खड्ड्यासारखं काहीतरी जाणवतं अशी तक्रार नोंदवली. माजी सरपंचांनी हँडलच्या लांबीवर हरकत घेतली. आठवडाभरात पाराचं धोरण ठरलं. कंडक्टरसाहेबांनी ते एका वाक्यात बांधलं: "नापास केला तर मिस्त्री नाद सोडतो, पास केला तर पाठ सोडतो." म्हणून कुणी पास करायचा नाही आणि नापासही करायचा नाही. गुरुजींना आपली चूक उमगली. त्यांनी एक दोनशेपानी वही घातली, तिच्यावर 'निरीक्षणे' असं लिहिलं, आणि रोज एक दोष, मागच्या दिवशीचा न सांगता, शोधायला लागले. सत्याची सवय असलेल्या माणसाला हे सोपं गेलं नाही. पण पाठ सुखावत होती.

आता जे पारावर सगळ्यांना माहीत आहे आणि मामांना कुणी सांगितलेलं नाही, ते इथं सांगतो. मामा रोलर चालवतात उजव्या हातानं. डावा हात मोकळा असतो, तो पाठीवर टेकलेला. वर्षानुवर्षं बेरिंगमधला खेळ आणि लाकडातली गाठ चाचपून त्या हाताच्या अंगठ्याला नजर आली आहे. पाठीत कुठं धरलंय हे त्याला आपोआप लागतं आणि तो तिथं जाऊन दाबून बसतो. मामांचं तिकडं लक्षही नसतं. ते रोलरचा आवाज ऐकत असतात. काम अंगठा करतो आणि श्रेय नर्लिंगला जातं.

१० जुलै २०२४ ची सकाळ. सव्वासाताचा सुमार. आबा ओट्यावर पालथे, मामा रोलर चालवतायत, आणि जमीन हलली. हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला होता. परभणी-नांदेडपर्यंत लोक घराबाहेर पळाले. पारावरचे तिघं उठून उभे राहिले, पत्रे खडखडले, कुत्री भुंकली. आबांनी डोळे न उघडता समाधानानं सुस्कारा सोडला. "हां मिस्त्री, आता जमलं. हेच राहू द्या."

भूकंपात कुणाला काही झालं नाही. फक्त मामांच्या डोक्यात व्हायब्रेशन शिरलं. फवारणीच्या बॅटरी पंपाची १२ व्होल्टची मोटर काढली, तिच्या दांड्यावर एका बाजूला जाड नट झाळला म्हणजे फिरताना तोल जाऊन ती थरथरते, आणि ती चिमट्याच्या मुठीत बसवली. तत्त्व बिनचूक होतं. मोबाइल थरथरतो तोही याच युक्तीनं. घोडं अडलं बॅटरीपाशी. बॅटरी पंपात, आणि पंप पाठीवर. म्हणजे मालिश करणाऱ्यानं आपल्या पाठीला तो ठोकळा अडकवून दुसऱ्याच्या पाठीवर वाकायचं. शिवाय थरथर जेवढी आबांच्या पाठीला जायची तेवढीच मामांच्या मनगटाला. पंधरा दिवसांत मामांची पाठ धरली. पारावर चौघांनीही हळहळ व्यक्त केली. रोलर हातात घ्यायला कुणी पुढं आलं नाही.

औंढ्याच्या शेजारी दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे हे मामांना गुरुजींकडून कळलं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटी रुपये मंजूर केलेला प्रकल्प. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांत शिरली की अवकाशाला जी थरथर सुटते ती पकडायची, आणि तीही अणुकेंद्रातल्या प्रोटॉनपेक्षा हजारो पट बारीक. मामांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "चार किलोमीटर. आन् मूठ कुठं बसवायलेत?" त्यानंतर बरेच दिवस, आपल्या लेथच्या हादऱ्यानं सरकारचं काम बिघडेल की काय, या काळजीनं ते दुपारीच तेवढं लाकूड कातायचे.

वैद्यांचंही मत घेऊन झालं. त्यांनी वाग्भटाच्या अष्टांगहृदयाचा हवाला दिला: अभ्यंग रोज करावा, त्यातही डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष, मात्र अजीर्ण झालेल्यानं करू नये. हे शेवटचं कलम पाराला अडचणीचं होतं, कारण गावात सप्ताह, भंडारे आणि तेराव्या यांचा काही तोटा नाही. तेव्हापासून मामांची चाहूल लागली की आबा ढेकर गिळतात.

मामांना मात्र वेगळीच शंका होती: हे चौघं नेहमीचे, नव्या पाठी हव्यात, नवी पोटरी हवी. आषाढीच्या वारीला शेगावची गजानन महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. लोक वारकऱ्यांचे पाय धुतात, चेपतात, कुणी चप्पल सांधून देतं, कुणी दाढ्या करून देतं. मामांनी रस्त्याकडेला सतरंजी टाकली आणि दिवसभर पोटऱ्यांवर रोलर फिरवला. प्रत्येकाला विचारलं, काही कमी वाटतंय का? प्रत्येकानं हात जोडून सांगितलं, "माउली, काही कमी नाही." संध्याकाळी मामा हिरमुसून घरी आले. वारकरी कशालाच नाव ठेवत नाही, आणि पार कशालाच नाव ठेवायचं सोडत नाही. या दोहोंमध्ये रोलर कसा आहे हे खरं सांगणारा माणूस या जिल्ह्यात कुठं गाठावा?

पेटंटचा विचार नातवानं डोक्यात घातला. पुण्याहून फोनवर त्यानं समजावून सांगितलं, की एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये, आणि पेटंट मिळालं तर २० वर्षं दुसऱ्या कुणाला ती वस्तू करून विकता येत नाही. मामांना २० वर्षं कमी वाटली, पण ठीक. मग नातू म्हणाला, आजोबा, १९७० च्या कायद्यात एक अडचण आहे. आधीच माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी बदलली तर तो शोध धरत नाहीत. मामांनी समोर पाहिलं. सायकलचा चिमटा, पंख्याचं बेरिंग, पलंगाचे पाय, पंपाची मोटर. बराच वेळ फोनवर कुणी बोललं नाही.

"तरी आत्ता तात्पुरता तपशील दाखल करता येतो," नातू धीर देत म्हणाला. "मग १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यायचा."

"पूर्ण?" मामा म्हणाले. "पूर्ण कसा व्हईल?" आणि त्यांनी पेटंटचा नाद सोडला. कायदा ज्यानं लिहिला त्यानं कधी हातानं काही केलेलं नसणार, असं त्यांचं मत पडलं.

हिंगोलीचा दसरा मोठा. दीडशे वर्षांहून जुना. आमच्याकडचे लोक म्हैसूरनंतर त्याचंच नाव घेतात आणि कुणी हरकत घेतली तर पुन्हा घेतात. रामलीला, पाळणे, प्रदर्शन, शेवटी रावण. मामांनी एका ओळखीच्या पाइपवाल्याच्या दुकानापुढं स्टूल टाकलं आणि १५० रुपये किमतीची पाटी लावली. रोलर ढिगानं करून नेले होते. एक दुसऱ्यासारखा नाही. संध्याकाळपर्यंत रांग लागली. माणूस स्टुलावर बसायचा, मामा पाठीवर रोलर फिरवायचे, डावा अंगठा आपलं काम करायचा, माणसाची मान पुढं लोंबायची. उठल्यावर तो भारावून रोलर हातात घ्यायचा, स्वतःच्या कोपरापासून मनगटापर्यंत दोनदा फिरवायचा आणि चेहरा पडायचा. "तुमच्या हातात लई भारी चालतो," म्हणून तो खाली ठेवायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहायचा.

विकले गेले दोन. दोन्ही सेनगावच्या एका बाईनं घेतले. मामा सद्गदित झाले. पाठ कुणाची दुखायलीय, त्यांनी विचारलं. बाईनं नर्लिंगवरून बोट फिरवत सांगितलं, "पाठ कशाची? शंकरपाळ्याला नक्षी चांगली उठंल." जाता जाता तिनं मधली खाच कामून ठेवली म्हणून नावही ठेवलं.

या सगळ्या काळात मामींच्या पाठीचं काय, हे विचारायचं राहून गेलं. मामांचंही राहून गेलं होतं. शेडच्या कोपऱ्यात एक टोपली असते, नापास गोळ्यांची: एकीकडं चपटा झालेला, भोक तिरकं पडलेला, जळका डाग असलेला. हळदीच्या पुढच्या हंगामात मामींनी त्यातले सहा गोळे उचलले आणि जुन्या कासऱ्यात ओवले; तीन इकडं, तीन तिकडं, मध्ये चार बोटं मोकळी, दोन्ही बाजूंना गाठी. आंघोळीनंतर पाठ पुसताना टॉवेल जसा दोन्ही हातांनी ओढतात तशी ती दोरी पाठीमागून आळीपाळीनं ओढली. मणका मधल्या मोकळ्या जागेत सुटला, गोळे दोन्ही बाजूंच्या मांसातून खडबडत गेले. हात मोकळे, दुसरं माणूस नको, बेरिंग नको, तेल असो नसो. हवं तर वर, हवं तर डावीकडं; सांगायचं कुणाला नाही.

शेजारणीनं पाहिलं, तिनं मागितली. हळद काढणीच्या टोळीतल्या बायकांनी टोपलीतले उरलेले गोळे नेले. मामांना हे चार दिवसांनी कळलं. त्यांनी दोरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, ओढून पाहिली, आणि पाठीवरून गोळे जाताना त्यांचा आवाज क्षणभर बंद झाला.

"बरंय," ते म्हणाले. "पन ह्यात मशीन कुठंय?"

पारावर तातडीची बैठक बसली. ज्याची पाठ त्याच्याच हातात जाणार, म्हणजे पाराचं काय? गुरुजींनी वहीत नोंद केली: 'दोरी: प्राथमिक अवस्थेत. यांत्रिक प्रगती नाही.' आबांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, की दोरीनं पाठीला सर्दी होते.

त्याची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा चहा पिता पिता त्या दोरीकडं बघत बसले होते. मान थोडी कलती झाली होती. मामींनी ती नजर ओळखली. गाठींच्या जागी वायसर. कासऱ्याच्या जागी क्लचची तार. दोन टोकांना मुठी, आणि मुठीत मोटर. कप ठेवून मामा टेप आणायला शेडकडं गेले, तेवढ्यात मामींनी दोरी उचलली आणि बेण्याच्या हळदीच्या कट्ट्यात, अगदी तळाला, खुपसली.

मामा टेप घेऊन आले. ओट्यावर पाहिलं, खुंटीवर पाहिलं, बाजेखाली पाहिलं.

"हितं ती गोळ्याची दोरी व्हती."

"बैलाला लावली," मामी तवा पुसत म्हणाल्या.

"आपल्याकडं बैल कुठंय?"

"मग सापडंल कशी?"